नवासी

माझं हिंदी तेव्हा फार वाईट होतं, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन मी कोल्हापूरहून दिल्लीला आले तेव्हा ‘मेरेको दो किलो कांदा पायजे’ असलं बोलायचे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, आर. के. पुरममध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर. भाजीवाल्याशी भांडण्याइतकं हिंदी मला सहा महिन्यांत आलं, कारण भांडायला मला भाषा फारशी लागत नाही. पण आकडे काही केल्या बसेनात. कुणी हिंदीत आकडा सांगितला की मी तो आधी मनातल्या मनात मराठीत आणायचे आणि मग लिहायचे. तेवढ्यात समोरचा पुढच्या आकड्यावर गेलेला असायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. बी.एस्सी. झालेल्या, लॅबचा डिप्लोमा केलेल्या बाईला शंभरपर्यंत धड मोजता येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

नोकरी लागली नोएडात. त्या वर्षांत नोएडात रोज काहीतरी नवं उघडत होतं. आज मोकळा प्लॉट, महिन्याभरानं तिथे काचेचा दरवाजा आणि बाहेर गुलदस्ते. आमची लॅब एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळमजल्यावर होती. रक्ततपासणीचं मशीन परदेशातून आणलेलं, त्याच्यासाठी एसी, आणि त्या एसीच्या हवेत आम्ही चार माणसं. मालकीण डॉक्टर मॅडम, अमेरिकेत काही वर्षं राहून आलेल्या. त्यांच्या तोंडी ‘क्वालिटी’ हा एकच शब्द. मी रोज सकाळी चार्टर्ड बसनं यमुना ओलांडून जायचे आणि मला वाटायचं, चला, आपलंही काहीतरी सुरू झालं.

माझा दोष एकच, मन जागेवर राहायचं नाही. चिठ्ठीवर नाव लिहिता लिहिता मी आईकडे जाऊन यायचे, रात्रीच्या भाजीचं ठरवायचे, शेजारणीला मनात दोन शब्द सुनवायचे. पहिल्या पाच महिन्यांत मॅडमनं मला दोनदा बोलावून झापलं. एकदा मी सहा वर्षांच्या मुलीचं वय साठ लिहिलं होतं. सहा महिन्यांनी पक्कं करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार होतं, आणि सहावा महिना लागला होता.

त्याच सुमारास मॅडमनं आमच्यासाठी एक गुरुजी आणले. गुरुजी म्हणजे कुठल्याशा मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, अंगात पांढरा कुर्ता आणि पायांत स्पोर्ट्स शूज. अमेरिकेत म्हणे आता ऑफिसांतून हे शिकवतात. दर बुधवारी सकाळी आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो आणि ते सांगायचे की दोन कामांच्या मध्ये एक श्वास घ्या, तो येताना बघा, जाताना बघा, आणि मग जे काम कराल त्यात पूरा ध्यान.

आता ध्यान म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक तर डोळे मिटून बसलेला ऋषी, नाहीतर केस विस्कटलेलं, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेलं कुणीतरी, ज्याला बघून आई म्हणते, काय हे ध्यान! नवऱ्यानं दुसऱ्या अर्थावरून माझी यथेच्छ थट्टा केली. मी पहिला अर्थ घेतला. साधं ‘लक्ष दे’ असं ते सांगत होते, हिंदीत लक्ष देण्यालाच ध्यान म्हणतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला वाटलं श्वासावर मन बसवायचं, बाकी आपोआप होतं. आणि मी कामाला लागले. एकदा मनावर घेतलं की मी कुणाला ऐकत नाही. चिठ्ठी उचलली, श्वास. पेन उचललं, श्वास. आठ दिवसांत मन आईकडे जायचं थांबलं. मी खूश. मला कुठे माहीत की ते कामावरही आलेलं नव्हतं.

आमची कामाची पद्धत अशी होती. मशीनवर भाईसाब बसायचे. ते बिजनौरचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, सिनियर टेक्निशियन. प्रत्येक नळीवर त्या दिवसाचा क्रमांक आणि तोच क्रमांक पेशंटच्या चिठ्ठीवर. भाईसाब नळी मशीनला लावायचे, पडद्यावर आलेले आकडे मोठ्यानं म्हणायचे आणि मी ते चिठ्ठीवर उतरवायचे. मग चिठ्ठी टायपिस्टकडे. काही फार कमी किंवा फार जास्त आलं, तर ती चिठ्ठी बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायची, म्हणजे भाईसाब त्या रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली घालून खात्री करतील.

तो मे महिन्यातला सोमवार. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता, मॅडम दिल्लीला मीटिंगला गेल्या होत्या, आणि सव्वाशे नळ्या आल्या होत्या. साडेबाराला गाझियाबादच्या एका नर्सिंग होमची नळी मध्येच घुसवली. चिठ्ठीवर लाल पेनानं ‘अर्जंट’ आणि खाली ‘सिझेरियन, चार बजे’. नाव बाईचं, वय चोवीस. माझंही तेव्हा चोवीसच होतं, म्हणून ते लक्षात राहिलं. तिचा क्रमांक एकोणनव्वद.

भाईसाबांनी नंबर पुकारला. त्यांनी प्लेटलेट बावीस हजार सांगितल्या. दीड लाखाच्या वर हव्यात, तिथे बावीस हजार. मी श्वास सोडला, चिठ्ठी उचलली, आकडा लिहिला आणि ट्रेमध्ये ठेवली. थोड्या वेळानं दुसरा नंबर आला, दोन लाख दहा हजार, सगळं उत्तम. समोर लाल पेनाची चिठ्ठी होती. मी तिच्यावर लिहिलं. टायपिस्टनं रिपोर्ट केला, मॅडम सह्या करून ठेवलेले कागद देऊन गेल्या होत्या, आणि एक वाजता मोटरसायकलवाला तो घेऊन गाझियाबादला निघाला. त्या सकाळी मी स्वतःवर इतकी खूश होते की डबा खाताना भाईसाबांना म्हणाले, गुरुजींचं खरं आहे हो, आज माझं मन एकदासुद्धा हललं नाही.

अडीच वाजता भाईसाब मायक्रोस्कोपवर बसले होते. त्यांनी डोकं वर न काढता विचारलं, की उनासी नंबरच्या प्लेटलेट कमी कुणी लिहिल्या, इथे तर भरपूर दिसतायत. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. त्यांनी डोकं वर काढलं.

“मैंने नवासी कहा था.”

मराठीत नऊवाला आकडा आला की आपण पुढच्या दशकातून एक काढतो. एकोणतीस, एकोणसाठ. ‘ऐंशी’ ज्यात ऐकू येतं असा नऊवाला आकडा आपल्याकडे एकच, एकोणऐंशी. माझ्या कानानं ‘नवासी’ ऐकलं, त्यातला नऊ घेतला, त्यातली ऐंशी घेतली, आणि हातानं एकोणऐंशीची चिठ्ठी उचलली. हिंदीत नवासी म्हणजे एकोणनव्वद. एकोणऐंशीला ते उनासी म्हणतात. मग जेव्हा खरा उनासी आला तेव्हा ती चिठ्ठी आधीच ट्रेमध्ये गेली होती, आणि नऊवाली दुसरी चिठ्ठी समोर होती. चिठ्ठी कुठली, याच्याकडे मी पाहिलंच नाही. मी श्वास बघत होते.

भाईसाब उठले. त्यांनी एकोणनव्वदची नळी शोधली, काच तयार केली, मायक्रोस्कोपखाली घातली आणि मला बघायला सांगितलं. मी बघितलं. प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या. म्हणजे गाझियाबादला चोवीस वर्षांच्या एका बाईचं चार वाजता पोट फाडणार होते, सगळं ठीक आहे असं सांगणारा कागद त्यांच्या हातात होता, तो मी लिहिला होता, आणि तिचं रक्त गोठणार नव्हतं.

फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, तर ती रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगायला लागली की इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. मॅडमचा मोबाइल बंद. दहा मिनिटं आम्ही तो फोन कुटला. आणि आता खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत माझ्या मनात येऊन गेलं की आपण फोन तर केला होता ना. लागला नाही त्याला आपण काय करणार. हा विचार माझाच होता, दुसऱ्या कुणी तो माझ्या डोक्यात घातला नव्हता. मला माझीच किळस आली. मी रिसीव्हर ठेवला आणि भाईसाबांना म्हटलं, स्कूटर काढा.

त्यांची स्कूटर एका किकमध्ये कधी सुरू झाली असेल तर शपथ. आधी ती तिरकी करून घेतली, मग सात-आठ किका. पावणेतीन वाजले होते. तेव्हा नोएडा सोडलं की गाझियाबादपर्यंत शेतंच होती, आणि शेतांत बिल्डरांचे बोर्ड, त्यांच्यावर स्विमिंग पूल आणि हसणारी कुटुंबं. तोंडावर भट्टीसारखी लू येत होती. मी मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली, एका हातात दुरुस्त केलेली चिठ्ठी, पदर तोंडावर. गुरुजींचा श्वास आठवून बघितला. डोंबल! डोळ्यांसमोर एकच येत होतं, की ती बाई आत्ता काय करत असेल. केस बांधत असेल. बांगड्या काढून सासूकडे देत असेल.

हायवेवर ट्रक आडवा झाला होता, तिथे दहा मिनिटं गेली. पुढे रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी होती. मी डबे मोजायला लागले आणि मधेच कळलं की मी मराठीत मोजतेय, तेव्हा रडूच फुटलं. भाईसाब मागे न बघता म्हणाले की रडून घे, पण तिथे पोचल्यावर रडू नकोस, तिथे फक्त बोल. मी चिडले त्यांच्यावर. त्या माणसानं भर उन्हात नोकरी पणाला लावून स्कूटर काढली होती, आणि मी त्यांना म्हटलं, तुम्ही आकडे अंकात का सांगत नाही, आठ-नौ म्हणायला तुमची जीभ झिजते का? त्यांनी ते ऐकून घेतलं. फाटक उघडलं तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

नर्सिंग होम एका गल्लीत, खाली केमिस्ट आणि वर ते. काउंटरवरच्या पोरीच्या कानाला फोन होता आणि ती आरामात कुणाशी तरी लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होती. म्हणजे एंगेज का होता ते कळलं. मी चिठ्ठी पुढे केली. तिनं हातानंच थांबायची खूण केली. मी काउंटरच्या पलीकडे हात घालून तो फोन बंद केला. ती ओरडायला लागली. मी विचारलं पेशंट कुठे आहे, तर म्हणाली ऑपरेशनला ओटीत नेलं, डॉक्टर आज लवकर आले.

मी धावले. चपला घालूनच आत गेले. एका आयानं माझा पदर धरला, तो मी हिसडून सोडवला. आतलं दार ढकललं तर ती बाई टेबलावर बसलेली, पुढे वाकलेली, पाठ उघडी आणि पाठीवर पिवळं औषध फासलेलं. भूल देणारा डॉक्टर सुई हातात घेऊन मणक्यावर बोटानं जागा चाचपत होता. माझ्या तोंडून हिंदी निघेना.

“थांबा! सुई नका घालू!”

गाझियाबादच्या ऑपरेशन थिएटरात मी मराठीत ओरडले होते. कुणाला काही कळलं नाही, पण सुई थांबली. मग माझं हिंदी परत आलं आणि मी सांगितलं, की रिपोर्ट चुकलाय, प्लेटलेट बावीस हजार आहेत. सर्जन माझ्याजवळ आले. त्यांनी मास्कमधून, पेशंटला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं की चूक कुणी केली. मीही तितक्याच हळू म्हटलं, मी केली. त्यांनी भूलवाल्याकडे पाहिलं, भूलवाल्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि एकदम स्टुलावर बसला. ती बाई तशीच वाकून बसली होती. तिला वाटलं असावं की हे सगळं नेहमीचंच आहे.

पुन्हा रक्त घेतलं, भाईसाबांनी घेतलं. लॅबमध्ये नेऊन तपासलं. एकवीस हजार. त्याच संध्याकाळी दिल्लीहून प्लेटलेटच्या पिशव्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. भाईसाबांनी फोन ठेवून मला हे सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मी नळ्यांच्या रॅकवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले.

बुधवारी गुरुजी आले. मॅडमनं त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे स्वतःला हवं तसं. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले की बघा, ध्यानाची ताकद, या मुलीनं चूक वेळेत पकडली, एका आईचा जीव वाचवला. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मला पक्कं केल्याचं पत्रही तिथेच दिलं. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून सांगितलं की चूक मी पकडलेली नाही, ती भाईसाबांनी पकडली, आणि ती झाली तेव्हा मी तुम्ही सांगितलेला श्वासच बघत होते. गुरुजींचा चेहरा पडला. पण माणूस प्रामाणिक असावा. ते म्हणाले, श्वास फक्त कामाच्या दारापर्यंत पोचवायला असतो, आत तुम्हाला एकटीनं जायचं असतं. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये आकडे सुटे म्हणायचे असं ठरलं. आठ-नौ. सात-नौ. ते मी मागून घेतलं आणि मॅडमशी चांगलं भांडून घेतलं.

पण नर्सिंग होममध्ये काय सांगितलंय ते मला नंतर कळलं. मॅडमनं पेशंटच्या नवऱ्याला सांगितलं होतं की मशीनमध्ये बिघाड झाला होता, आमच्या मुलीच्या ध्यानात आलं आणि ती उन्हातान्हात धावत आली. मॅडमनं मला बजावलं की तू आता गप्प बस. मी दोन दिवस गप्प बसले. जेवण जाईना. माझा नवरा म्हणाला की झालं ते झालं, बाई वाचली ना. त्याचंही चूक नव्हतं.

शनिवारी सुट्टी टाकून मी गाझियाबादला गेले.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिचा नवरा मला बघून उठला, दोन्ही हात जोडले, माझ्यासाठी खुर्ची पुसली. पेढ्यांचा डबा पुढे केला. ती हसली. पहिल्यांदाच तिचा चेहरा मी नीट बघत होते, त्या दिवशी फक्त पाठ दिसली होती. तिनं विचारलं की तुम्ही त्या दिवशी काय ओरडलात, आम्हाला कळलंच नाही, मी यांना म्हटलं की मद्रासी असतील. आम्ही दोघी हसलो. मग तिनं शेजारचं गाठोडं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मुलीच्या डोक्यावर काळंभोर जावळ होतं आणि ती झोपेत तोंड हलवत होती. गरम होती.

मला वाटलं, बोलू नये. आता बोलून कुणाचं भलं होणार आहे? ही सुखात आहे. हिला कशाला सांगायचं की आपण मरता मरता राहिलो, आणि जिच्यामुळे, तिलाच आपण पेढे दिले.

“मशीन ठीक थी,” मी म्हटलं. “ग़लत मैंने लिखा था. आपकी पर्ची पर किसी और का रिज़ल्ट.”

नवरा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती माझ्याकडे बघत होती. हसू हळूहळू गेलं. ती पुढे झुकली. टाके दुखत असणार, तिनं ओठ दाबले. एक हात मुलीच्या मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली, आणि माझ्या मांडीवरून तिला उचलून घेतलं. घाई केली नाही. दुपटं सुटलं होतं, ते नीट गुंडाळलं. सगळा वेळ तिची नजर त्या मुलीवरून हलली नाही. मी तिथे नव्हतेच.

मग तशीच, मान वर न करता, ती म्हणाली, “बता दिया, अच्छा किया. अब आप जाओ.”

मी उठले. माझ्या साडीला मांडीवर अजून ऊब होती.